पायात चाळ बांधणारी सरस्वती

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वेळी एका थोर स्त्रीची हकिगत असते. राणी लक्ष्मीबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या, आनंदीबाई जोशीही झाल्या. या खेपेस हे काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण वाचनालयातील पुस्तके मी दुपारी नेमाने वाचते, आणि माझी धाकटी मुलगी सहा वर्षे भरतनाट्यम शिकत आहे. तिच्या शिकविणाऱ्या बाईंच्या तोंडून जे नाव मी वारंवार ऐकले, तेच मी बैठकीत सुचविले. मद्रासच्या थोर नर्तकी बालासरस्वती.

नाव काढताच आपल्यातील एका भगिनीने विचारले, की देवदासीच्या कुळातल्या बाईची हकिगत मुलीबाळींच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात कशाला? विचारण्यात खोच नव्हती, काळजी होती. आपण सगळ्याच ज्या संस्कारात वाढलो त्यातून तो प्रश्न आला. बैठकीत मला नीट बोलता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आपल्या भाषेत पायात चाळ बांधणे हा काही चांगला शब्दप्रयोग नाही. एखादीने घरची मर्यादा सोडली की जुन्या बायका म्हणत, आता पायात चाळच बांधायचे राहिले आहेत. आणि आज आपल्याच वसाहतीतील पाचसहा मुली आठवड्यातून दोनदा, आईवडिलांनी फी भरून, पायात चाळ बांधतात. गणेशोत्सवात त्यांचा नाच झाला की आपणच पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवितो. हा एवढा बदल शंभर वर्षांच्या आत झाला. तो कसा झाला, त्यात कोणाचे भले झाले आणि कोणाचे हातचे गेले, हे बालासरस्वतींच्या आयुष्यात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

हकिगत मद्रासची असली तरी तिचे मूळ तंजावरास आहे, आणि तंजावर म्हटले की आपल्याला ते अगदीच परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी तेथे राज्य स्थापिले, आणि पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ भोसल्यांचे घराणे तेथे नांदले. या राजांना गाण्याबजावण्याचे आणि ग्रंथांचे फार वेड. सरस्वती महाल नावाचे त्यांचे ग्रंथालय आजही आहे. दुसरे सरफोजी राजे यांनी १७९८ पासून १८३२ पर्यंत राज्य केले. नाचाकरिता रचलेली मराठी पदे त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू असे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आपण पाहतो, म्हणजे आधी अलारिप्पू, मग जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, त्यानंतर पदे आणि शेवटी तिल्लाना, तो या चार भावांनी बसविला. माझी मुलगी ज्या क्रमाने नाचते, तो क्रम मराठी राजाच्या पदरी असलेल्या माणसांनी घालून दिला आहे, हे मला कळले तेव्हा मी ते शेजारणीला मुद्दाम जाऊन सांगितले. पुढे १८८० साली तंजावरच्या राजकन्येचे लग्न बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी झाले, तेव्हा तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकीही बडोद्यास आल्या. आपल्याकडे आंदणात भांडीकुंडी देतात, तिथे नाच दिला!

या तंजावरच्या दरबारात अठराव्या शतकात पापम्माळ नावाची गाणारी नाचणारी स्त्री होती. बालासरस्वती तिच्या सातव्या पिढीतल्या. मधल्या सगळ्या पिढ्या आईकडून मोजायच्या, बापाकडून नाही. देवदासींच्या घराण्यात तसाच रिवाज होता. वारसा मुलीकडे जाई, घरात मुलगी झाली की आनंद होई. आपल्याकडे गोव्यात आणि कोकणात ज्यांना भाविणी किंवा कलावंतिणी म्हणत, त्यांच्यासारखाच हा वर्ग. देवळात आणि दरबारात गाणेनाचणे हे त्यांचे काम, त्यासाठी इनाम जमिनी असत, आणि लग्न देवाशी लागलेले. त्यामुळे नवरा मरून विधवा होणे त्यांच्या नशिबी नसे. मंगलकार्यात त्यांना मानाने बोलावीत. पण राजेरजवाडे गेले, देवळांचे उत्पन्न घटले, तेव्हा त्यांचा आधार पैसेवाल्या पुरुषांवर आला, आणि मान उतरत गेला. मुलींचे हालही झाले. तेही लपवून ठेवण्यासारखे नाही.

बालासरस्वतींचा जन्म १३ मे १९१८ रोजी मद्रासेस झाला. त्यांची आजी वीणा धनम्माळ. वीणा हा शब्द नावाला जोडूनच त्यांना ओळखीत, इतके त्यांचे वादन मोठे. उतारवयात त्यांना दिसेनासे झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी त्या आपल्या घरी वीणा वाजवीत आणि मद्रासचे मोठमोठे गवई, रसिक तेथे येऊन गुपचूप बसत. वीणेचा आवाज इतका हळुवार, की कोणी कूस बदलली तरी ऐकण्यात बिघाड व्हायचा. अशा घरात मूल कसे वाढले असेल! आपली मुले अंगाई ऐकतात, तशी ही मुलगी राग ऐकत झोपली. आई जयम्माळ उत्तम गाणारी. मावश्या गाणाऱ्या, मावसबहिणी गाणाऱ्या. दोघे धाकटे भाऊ, रंगनाथन आणि विश्वनाथन, पुढे मृदंग आणि बासरीत नाणावले. नाव मोठे, पण घरात पैसा टिकत नसे.

मात्र या घरात नाच थांबलेला होता. आजीची आजी नाचत असे. त्यानंतर नाचावर लोकांचा रोष वाढू लागला आणि घराने गाण्यावर भर दिला, कारण गाण्याला तितके कोणी नावे ठेवीत नव्हते. पण ही पोर लहानपणापासून पाय थिरकवीत असे. रस्त्याने एक वेडसर भिकारी नाचत येई, त्याच्या पुढ्यात उभी राहून ती त्याच्यासारखीच नाचे, अशी एक गोष्ट सांगतात. मैलापूरच्या देवळातील गौरी अम्माळ यांचा नाच पाहून तर तिने हट्टच धरला. नातलगांनी पुष्कळ विरोध केला. काळ कसा आला आहे, आणि तुम्ही मुलीला कुठे लोटता, असे त्यांचे म्हणणे. जयम्माळ हटल्या नाहीत. आजीचा होकार मिळाला आणि शिक्षण सुरू झाले.

गुरू मिळाले कंदप्पा पिळ्ळै. ते तंजावरच्या त्या चार भावांच्याच वंशातले. म्हणजे पापम्माळच्या वंशातली शिष्या आणि त्या भावांच्या वंशातला गुरू, अशी ही तंजावरची गाठ मद्रासेत पुन्हा बांधली गेली. कंदप्पा फार कडक. लाकडाच्या फळीवर काठीने ताल ठोकीत बसत आणि एकेक पदन्यास मनासारखा उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेत. चारपाच वर्षांची पोर तासन्‌तास अर्धवट गुडघे वाकवून उभी. माझी मुलगी दहा मिनिटे तशी उभी राहिली की मांड्या भरून आल्या म्हणते. नुसता नाच शिकवून कंदप्पा थांबले नाहीत. गाणे आले पाहिजे, शब्दांचा अर्थ उमगला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पुढे गौरी अम्माळ आणि इतर जाणकारांकडून अभिनयाचेही शिक्षण झाले. १९२५ साली, वयाच्या सातव्या वर्षी, कांचीपुरमला देवीच्या मंदिरात तिचा पहिला नाच झाला. त्याला तिकडे अरंगेट्रम म्हणतात. आता आपल्याकडेही अरंगेट्रम होते, पत्रिका छापतात, सभागृह घेतात, खर्च तर लग्नाच्या मुंजीच्या वर जातो. तेव्हा देवीपुढे नाचली, एवढेच.

आता याच्या पुढची दहा वर्षे समजून घेतली पाहिजेत, कारण खरा पेच तिथेच आहे.

मद्रासेत नाचविरोधी चळवळ १८९० नंतर जोर धरू लागली होती. समारंभात नाच ठेवू नये, देवदासींना बोलावू नये, असा प्रचार चाले. १९२७ साली डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रासच्या कायदेमंडळात आल्या, आणि मुली देवाला वाहण्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी कंबर कसली. या बाईंवर रागावता येत नाही. त्यांची स्वतःची आई याच समाजातली, त्यामुळे या मुलींची दैना त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. आपल्या मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. मद्रासेत पुरा कायदा व्हायला १९४७ उजाडले. कायदा हवाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाही अजाण मुलीला देवाच्या नावाने कोणाच्या तरी दावणीला बांधणे हे पाप होते. पण सुक्याबरोबर ओलेही जळते. वाईट चाल गेली तिच्यासोबत, ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जपली होती त्यांचे देऊळ गेले, व्यासपीठ गेले आणि पोटही गेले. त्यांना कोणी विचारले नाही.

त्याच सुमारास उलट बाजूनेही एक प्रयत्न चालला होता. ई. कृष्ण अय्यर नावाचे वकील, ब्राह्मण गृहस्थ, स्वतः स्त्रीवेष घेऊन हा नाच करीत आणि लोकांना सांगत की विद्या वाईट नसते. त्यांच्या खटपटीने मद्रासच्या म्युझिक अ‍ॅकॅडमीने आपल्या व्यासपीठावर या नाचाला जागा दिली. १९३३ साली पंधरा वर्षांच्या बालासरस्वती तेथे नाचल्या. तोवर या नाचाला सदिर म्हणत. ते नाव बदनाम झाले होते, म्हणून भरतनाट्यम हे नाव पुढे केले गेले. नाव बदलले तशी माणसेही बदलली. रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण घरातल्या, शिकलेल्या, थिऑसॉफीच्या मंडळींतल्या. त्यांनी पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकून १९३५ च्या अखेरीस अड्यारला नाच केला. मोठी खळबळ झाली. दुसऱ्या वर्षी त्यांनी कलाक्षेत्र ही संस्था काढली. शिवलेला पोशाख, रंगमंचाची सजावट, दिव्यांची योजना, सारे त्यांनी नव्याने बसविले. घरंदाज मुलींना नाचाचा दरवाजा उघडला तो त्यांनीच. तुमच्याआमच्या मुली आज नाचतात यात रुक्मिणीदेवींचा वाटा मोठा आहे, आणि तो मोकळ्या मनाने मानला पाहिजे.

हे सगळे एकट्या तंजावरच्या नाचाचे झाले असेही नाही. देशात जिथे जिथे जुने नाच होते तिथे थोड्याफार फरकाने हीच गोष्ट घडली. ओरिसात जगन्नाथाच्या देवळात नाचणाऱ्या माहारी होत्या. त्यांची सेवा मागे पडली, आणि १९५० नंतर जाणत्या गुरूंनी तो नाच जुळवून ओडिसी या नावाने रंगमंचावर आणला. लखनौकडचा कथ्थक कोठ्यावर होता, तो शाळेत आला. केरळात वळ्ळत्तोळ या कवींनी १९३० साली कलामंडलम् काढले, तेथे कथकळी आणि मोहिनीआट्टम् दोन्ही सावरले. कथकळी पुरुषांचा, म्हणून त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. आंध्रात कुचिपुडी गावी ब्राह्मण पुरुषच सत्यभामा होऊन नाचत, त्यांनाही नाही. मणिपूरला तर घरोघरच्या लेकीसुना देवळाच्या मांडवात रास खेळतात, तिथे लाजेचा प्रश्नच नाही. बदनामी नाचाला चिकटली ती बाई कोण आहे ते पाहून. आपल्याकडची लावणी आठवा म्हणजे झाले.

तर बालासरस्वती अशा विचित्र वेळी ऐन उमेदीत आल्या. त्यांच्या विद्येला मान मिळू लागला आणि त्यांच्या माणसांना मिळेनासा झाला. उदयशंकरांनी त्यांचा नाच पाहिला आणि ते भारावले. १९३४ साली कलकत्त्यास त्या नाचल्या. दक्षिणेबाहेरच्या लोकांनी हा नाच तोवर फारसा पाहिला नव्हता. सत्यजित राय यांनीही शाळकरी वयात त्यांना कलकत्त्यातच पाहिले.

घरच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. १९३६ पासून आर. के. षण्मुखम् चेट्टी यांच्याशी त्यांचा संबंध जडला. हेच पुढे स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४७ चा पहिला अर्थसंकल्प त्यांनीच मांडला. त्यांचे लग्न आधी झालेले होते. तेव्हा बालासरस्वतींच्या नात्याला समाजाने पत्नीचे नाव दिले नाही. पण चेट्टी १९५३ साली वारले तोवर ते नाते टिकले. १९४३ साली लक्ष्मी ही मुलगी झाली. कोणाला हे वाचून नाक मुरडावेसे वाटेल. मी इतकेच म्हणते, की ज्या घरात लग्नाची वाटच रूढीने बंद केलेली होती, त्या घरातल्या बाईला लग्नाच्या मापाने मोजणे कितपत बरोबर?

चाळिशीचे दशक त्यांना फार वाईट गेले. गुरू कंदप्पा उदयशंकरांच्या अलमोड्याच्या केंद्रात शिकवायला गेले होते, ते १९४१ साली वारले. वय अवघे बेचाळीस. आजी आधीच, १९३८ साली, गेली होती. तब्येत बिघडली, अंग सुटले, कार्यक्रम जवळजवळ बंद झाले. देवळातले नाच तर उठलेच होते. याच काळातली एक गोष्ट सांगतात. तिरुत्तणीच्या डोंगरावर मुरुगनाचे, म्हणजे कार्तिकस्वामीचे, देऊळ आहे. आपण एकदा देवापुढे नाचावे ही त्यांची तळमळ. पण परवानगी कोण देणार? शेवटी देवळातल्या माणसांची मिनतवारी करून, कोणी नसताना, त्या एकट्या देवासमोर नाचल्या. साथ नाही, प्रेक्षक नाही. त्यानंतर दिवस पालटले असे त्या मानीत. ज्या बाईच्या सात पिढ्यांनी राजदरबार आणि देवळे गाजविली तिला चोरासारखे देवापुढे नाचावे लागले, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

त्यांचा नाच होता कसा, हे मी शब्दांत काय सांगणार! तरी जे वाचले आणि मुलीने फोनवर जुनी चित्रे दाखविली त्यावरून थोडे लिहिते. त्यांच्याकडे उड्या, गिरक्या, झगमगाट फार नव्हता. त्यांचे सारे बळ अभिनयात, आणि अभिनयाचे मूळ गाण्यात. आई जयम्माळ मागे बसून गात आणि पुष्कळदा त्या स्वतःही गात गात नाचत. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायली जाई आणि दर वेळी तिचा वेगळा अर्थ चेहऱ्यावर आणि हातांत उमटे. आपल्याला हे कळायला अवघड नाही. दिवेलागणीला अंगणातल्या मुलाला आपण हाका मारतो. पहिली हाक गोड, दुसरी जरा चढी, तिसरीत धाक, चौथीत लाडीगोडी, आणि तरी आला नाही की पोटात कालवाकालव. नाव तेच, हाका निराळ्या. व्यासरायांचे एक कानडी पद कृष्णाला लवकर ये म्हणून बोलावणारे आहे, त्यावर त्या जो अभिनय करीत तो बहुधा अशाच जातीचा होता. शरीर स्थूल झालेले, चेहरा काही नटीसारखा नव्हे. पण हात उचलला की लोक बाकीचे विसरत.

रुक्मिणीदेवींशी त्यांचा मतभेद होता, तोही इथेच. जुन्या पदांत शृंगार पुष्कळ. क्षेत्रय्या या तेलुगू कवीच्या पदांत नायिका आपल्या कृष्णाची वाट पाहते, रुसते, दुसरीकडे रात्र घालवून आला म्हणून त्याला टाकून बोलते. रुक्मिणीदेवींना वाटे की घरंदाज मुलींनी नाचायचे तर यातले काही गाळावे, भक्तीवर भर द्यावा. बालासरस्वतींचे म्हणणे असे की शृंगार हाच या नाचाचा गाभा. तो मुळात हीन नाहीच, तेव्हा तो शुद्ध करणारे तुम्ही कोण? जिवाची देवाकडे ओढ दाखवायला याहून जवळची भाषा माणसापाशी नाही. मला दोघींचेही पटते आणि मन शेवटी बालासरस्वतींकडे झुकते. आपल्या संतांच्या गौळणी आणि विराण्या आपण देवळात बसून ऐकतोच की! त्यातली विरहिणी काय म्हणते ते सगळ्यांना समजते, आणि कोणी उठून जात नाही.

स्वातंत्र्यानंतर हळूहळू दिवस पालटले. १९५३ साली म्युझिक अ‍ॅकॅडमीत त्यांची नृत्यशाळा सुरू झाली. गुरूंचा मुलगा गणेशन त्यांच्या नाचाला ताल धरू लागला. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९५७ साली पद्मभूषण मिळाले. १९६१ साली त्या जपानला टोकियोस गेल्या. दुसऱ्या वर्षी अमेरिकेत, आणि १९६३ साली एडिंबरोच्या महोत्सवात. अमेरिकेत पहिल्याने गेल्या तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या वयात आता आमचे काय राहिले म्हणून हातपाय गाळतात. ज्यांना पदातला एक शब्द कळत नव्हता अशी माणसे त्यांच्या मुद्रेकडे पाहून डोळे पुशीत. तेथल्या वेस्लियन विद्यापीठात त्यांनी शिकविले, आणि दोघे भाऊही तिकडच्या विद्यापीठांत शिकवू लागले. जे घराणे मद्रासेत अडचणीचे वाटत होते त्याच्यासाठी परमुलखात वर्ग उघडले!

मद्रासनेही शेवटी कर्ज फेडले. म्युझिक अ‍ॅकॅडमीचा संगीत कलानिधी हा मान गवयांचा आणि वादकांचा. १९७३ साली तो बालासरस्वतींना दिला. नर्तकीला तो त्याआधी कधी मिळाला नव्हता. मला वाटते, याचा आनंद धनम्माळला सर्वांत जास्त झाला असता, कारण त्या घरात नाच म्हणजे डोळ्यांनी पाहायचे गाणेच होते. १९७५ साली मद्रासच्या तमिळ इशै संगमच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भाषण केले. त्यात नाचाचा सगळा क्रम त्यांनी देवळासारखा उलगडून दाखविला. अलारिप्पू म्हणजे गोपुर. जतिस्वरम् आणि शब्दम् म्हणजे आतले मंडप. वर्णम् म्हणजे मोठे सभास्थान, पदे म्हणजे गाभाऱ्यातली शांतता, आणि तिल्लाना म्हणजे शेवटची कापूरआरती. हे वाचल्यापासून मुलीच्या कार्यक्रमात मी तसेच बघते. सरफोजी राजांच्या दरबारातल्या भावांनी घातलेला क्रम असा का, ते देवळाबाहेर काढलेल्या घराण्यातल्या बाईने देवळाचीच खूण दाखवून सांगितले.

१९७६ साली सत्यजित राय यांनी त्यांच्यावर बाला नावाचा माहितीपट काढला. त्याला तामिळनाडू सरकारने आणि आपल्या मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सने मदत केली. लहानपणी पाहिलेला नाच त्यांच्या मनातून गेला नव्हता. त्यात समुद्रकिनाऱ्यावर ते कृष्णाचे पद आहे. वारा सारखा सुटलेला, पदर उडतो आहे, आणि अठ्ठावन्न वर्षांची बाई वाळूवर उभी राहून कृष्णाला बोलावते आहे. चित्रपटाच्या शेवटी त्या पुरा वर्णम् नाचतात. तेव्हा त्यांच्या पायात जे चाळ आहेत ते सातव्या वर्षी देवीपुढे नाचताना बांधले होते तेच.

१९७७ साली पद्मविभूषण मिळाले. ९ फेब्रुवारी १९८४ रोजी मद्रासेस त्या वारल्या. आई जयम्माळ १९६७ सालीच गेल्या होत्या. मुलगी लक्ष्मी आईकडून शिकून नाचू लागली होती. तिने डग्लस नाइट या अमेरिकन गृहस्थांशी लग्न केले. ते स्वतः मृदंग शिकलेले, आणि २०१० साली त्यांनीच सासूबाईंचे मोठे चरित्र लिहिले. लक्ष्मी २००१ साली वारली. तिच्यामागे तिचा मुलगा अनिरुद्ध हा नाच करतो. सात पिढ्या ज्या घरात ही विद्या आईकडून मुलीकडे गेली, तिथे आता चाळ नातवाच्या पायात आहेत.